गच्चीवरची छत्री आणि घराची जमीन

प्रस्तावना

गच्चीवर छत्री बसवून झाली, टीव्हीवर चित्र स्वच्छ आले, रिमोट घरातल्या मंडळींच्या हाती गेला, की काम संपले असे सगळेच धरून चालतात. छत्रीपासून दिवाणखान्यापर्यंत आलेल्या काळ्या केबलकडे त्यानंतर वर्षानुवर्षे कुणी वळून पाहत नाही. ती उन्हात तापते, पावसात भिजते, वाऱ्याने कठड्यावर घासत राहते, रंगकाम करणाऱ्याच्या शिडीखाली चेंगरते. एखाद्या वळवाच्या संध्याकाळी गावाच्या वेशीवर वीज पडते आणि घरातला सेट-टॉप बॉक्स, टीव्ही, कधी दोन्ही बंद पडतात. ‘वीज पडली, त्याला काय करणार’ असे म्हणून नवा बॉक्स आणला जातो आणि तो त्याच केबलला, तसाच जोडला जातो. ही पुस्तिका त्या केबलविषयी आहे. ती निवडायची कशी, ओढायची कुठून, घरात घ्यायची कशी आणि घराच्या अर्थिंगशी तिची गाठ कुठे घालायची, हे तिच्यात सांगितले आहे.

आपल्याकडे केबल ओढणे हे छत्रीवाल्याचे काम आणि अर्थिंग हे वायरमनचे काम अशी वाटणी झालेली आहे. वायरमन घर बांधताना येऊन जातो, छत्रीवाला घरात माणसे राहायला आल्यावर येतो, आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. छत्रीवाला अर्थिंगला हात लावत नाही, कारण ते त्याच्या कामाच्या कागदावर नसते. वायरमनला गच्चीवर पुढे काय बसणार आहे ते ठाऊक नसते. या दोघांच्या मध्ये जी जागा रिकामी राहते, नेमके तिथेच घर उघडे पडते. केबल आणि अर्थिंग हे एकच काम आहे, एकाच वेळी आखायचे आणि एकाच हाताने तपासायचे, हे मला या पुस्तिकेतून सांगायचे आहे. बाकी सारा तपशील याच एका म्हणण्याच्या आधारासाठी आहे.

हा प्रश्न घराघरांत कसा पोहोचला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मुंबईत दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. तेव्हा छपरावर काड्याकाड्यांचा अँटेना असे आणि त्यापासून घरात येणारी तार बहुधा चपटी, दोन पदरी असे. उपग्रहावरून थेट चित्र घेण्याचा मोठा प्रयोग 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात झाला. इस्रो आणि नासा यांच्या त्या ‘साइट’ प्रयोगात एटीएस-6 या अमेरिकी उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत कार्यक्रम पोहोचले. त्यासाठी गावोगाव तारेच्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या छत्र्या उभ्या राहिल्या. विक्रम साराभाईंनी ज्याचा पाठपुरावा केला ते हे स्वप्न होते. ते प्रत्यक्षात आले तेव्हा साराभाई हयात नव्हते.

नंतर 1991 मध्ये एशियासॅट-1 वरून स्टार टीव्ही दिसू लागला आणि शहरांत केबलवाले आले. त्यांच्या छत्र्या सी बँडच्या, दोन-तीन मीटर व्यासाच्या, गल्लीत एखाद्याच इमारतीवर असत. बाकी घरांना फक्त केबल जाई. म्हणजे आकाशाखाली उघडी असलेली मोठी धातूची वस्तू एका जागी होती आणि तिची जबाबदारी एका व्यावसायिकाकडे होती. सरकारने 2001 मध्ये डीटीएचसाठी, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात येणाऱ्या सेवेसाठी, मार्गदर्शक तत्त्वे काढली, 2003 मध्ये डिश टीव्हीने सेवा सुरू केली आणि डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनची मोफत सेवा आली, जी आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. या सेवा ज्या केयू बँडवर चालतात त्याची तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, म्हणून 60 सेंटिमीटरची छत्री पुरेशी झाली. ती कुणालाही परवडणारी आणि कुठेही बसणारी होती. त्यामुळे गल्लीत एकाच छपरावर असलेली जबाबदारी प्रत्येक छपरावर आली. ती आपल्याकडे आली आहे याची जाणीव मात्र घरमालकापर्यंत पोहोचलीच नाही.

आता केबलमधून काय जाते ते पाहू. फ्री डिश ज्या जीसॅट-15 उपग्रहावरून दिसते तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटरवर आहे. पुण्यातून पाहिले तर तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर येतो. तिथून निघालेला संकेत छत्रीपर्यंत येताना इतका क्षीण झालेला असतो, की छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या एलएनबीला तो आधी काही लाख पटींनी वाढवावा लागतो. नेहमीचा एलएनबी 10 ते 12 गिगाहर्ट्झच्या घरातला हा संकेत 950 ते 2150 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात खाली आणतो, कारण मूळ फ्रिक्वेन्सीचा संकेत साध्या केबलमधून फार दूर जात नाही. या एलएनबीला लागणारी वीज बॉक्सकडून त्याच केबलमधून वर जाते. 13 व्होल्ट दिले की तो एका ध्रुवीकरणाच्या वाहिन्या घेतो, 18 व्होल्ट दिले की दुसऱ्या, आणि 22 किलोहर्ट्झचा सूर पाठवला की वरचा पट्टा निवडतो. एकाच तारेत चित्र खाली उतरते आणि वीज व आज्ञा वर चढतात. याशिवाय तिसरेही काही या तारेतून येऊ शकते, आणि त्याला कुणी बोलावलेले नसते: छत्रीवर साठलेली स्थिर वीज, जवळपास पडलेल्या विजेने केबलमध्ये उठवलेली लाट, किंवा बिघडलेल्या उपकरणातून गळालेला घरातलाच प्रवाह. केबल धातूची आहे. काय सोडायचे आणि काय अडवायचे हे ती स्वतः ठरवू शकत नाही. ते आपण तिच्या वाटेवर ठरवून ठेवावे लागते.

कोअॅक्सिअल केबलची रचना जुनी आहे. ऑलिव्हर हेविसाइड याने तिचे पेटंट 1880 मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. पुढे एटी अँड टी कंपनीच्या लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अफेल यांनी 1929 साली दूरध्वनी आणि दूरचित्रवाणीसाठी तिचा आधुनिक अवतार मांडला. मध्ये एक तार, तिच्याभोवती फेसाळ पॉलिथिनचा थर, त्यावर अॅल्युमिनियमची फॉइल आणि विणलेली जाळी, आणि सर्वांत वर काळे आवरण. घरगुती छत्रीसाठी वापरतात ती आरजी-6 केबल साधारण सात मिलिमीटर जाड असते आणि तिची मधली तार सुमारे एक मिलिमीटरची. तिचा गुणधर्म 75 ओहमचा असतो, आणि तो टिकतो मधली तार व जाळी यांच्यातले अंतर सर्वत्र सारखे राहिले तरच. खिळा ठोकून केबल चेपली, कोपऱ्यावर काटकोनात मोडली, दारात अडकून दबली, की त्या जागी अंतर बदलते आणि संकेताचा काही भाग तिथूनच मागे फिरतो. म्हणून वळण देताना त्याची त्रिज्या केबलच्या जाडीच्या दहापट, म्हणजे सात सेंटिमीटरच्या आसपास ठेवायची. हा नियम हाताच्या सवयीत मुरला पाहिजे.

केबल जितकी लांब, तितका संकेत खर्च होतो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला तो जास्त खर्च होतो. चांगल्या आरजी-6 मध्ये 100 मीटरला 950 मेगाहर्ट्झच्या आसपास सुमारे 20 डेसिबल आणि 2150 च्या आसपास सुमारे 30 डेसिबल घट होते. म्हणजे 30 मीटर केबलमध्ये वरच्या टोकाच्या संकेताची जवळजवळ नऊ-दशांश शक्ती वाटेतच संपते. एलएनबीने आधीच भरपूर वाढवून दिलेले असते म्हणून हे चालून जाते. पण मध्ये दोन-तीन सांधे, एखादे गंजलेले कनेक्टर आणि एक भिजलेला तुकडा आला, की हा शिल्लक साठा संपतो. मग पाऊस नसतानाही चित्र फुटते आणि दोष मात्र उपग्रहाला दिला जातो.

बाजारात दोन प्रकारची आरजी-6 मिळते: मधली तार पूर्ण तांब्याची असलेली, आणि पोलादी तारेवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली. दुकानदार दोन्ही सारख्याच म्हणतो, आणि संकेतापुरते ते बरेचसे खरे आहे. एक गिगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागावरून, सुमारे दोन मायक्रोमीटर खोलीतूनच वाहतो, त्यामुळे मुलामा पुरतो. एलएनबीसाठी जाणारी वीज मात्र पूर्ण तारेतून जाते, आणि पोलादी तारेचा रोध तांब्याच्या चार-पाच पट असतो. 100 मीटर लांबीत दीडशे मिलिअँपिअरला जाळीचा रोध धरून दोन व्होल्टच्या आसपास घट होते. 18 व्होल्ट 16 वर आले आणि त्यात गंजलेला सांधा मिळाला, की एलएनबीला हे 13 आहेत की 18 ते उमगत नाही आणि निम्म्या वाहिन्या एकाएकी नाहीशा होतात. घर लहान असेल, केबल 20-25 मीटरची असेल, तर मुलाम्याची तार चालते. मोठा बंगला असेल किंवा सोसायटीच्या गच्चीपासून तळमजल्यापर्यंत जायचे असेल, तर पूर्ण तांब्याचीच घ्यावी.

केबलचा सर्वांत मोठा शत्रू पाणी आहे. कनेक्टर सैल बसला, त्याच्यावर नुसती चिकटपट्टी गुंडाळली आणि ती उन्हात सुटली, की पाणी जाळीत शिरते. जाळीच्या धाग्यांतून ते वाट काढत खाली सरकते आणि काही महिन्यांनी बॉक्सच्या मागे हिरवट गंज दिसतो. म्हणून उघड्यावरचे कनेक्टर दाबून बसवायच्या प्रकारचे असावेत, पिळून बसवायचे नकोत, आणि त्यांच्यावर स्वतःशीच एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी. एलएनबीखाली आणि भिंतीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्यावा, म्हणजे पागोळीचे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते. भिंतीतल्या छिद्रात बसवलेली नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती हवी. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. तिथे अॅल्युमिनियमची जाळी, पितळी कनेक्टर आणि जस्ताचा मुलामा दिलेला पाइप हे तीन धातू ओल्या मिठात एकत्र आले की एकमेकांना खातात. देशावर काही वर्षे टिकणारे काम तिथे त्याहून लवकर खराब होते, म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी एकदा कनेक्टर उघडून पाहणे हे तिथल्या घरांचे नेमाचे काम व्हायला हवे.

केबलची वाट ठरवताना आधी माणसाच्या जिवाचा विचार, मग चित्राचा. छत्रीचा पाइप आडवा झाला तरी विजेच्या तारेपर्यंत पोहोचणार नाही इतके अंतर हवे. 11 केव्ही लाइनजवळ लांब लोखंडी पाइप उचलणे म्हणजे मृत्यूला हाक मारणे आहे. केबल वीजवाहिनीला समांतर जात असेल तर निदान वीतभर अंतर ठेवावे, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडावी. विजेच्या पाइपातून ती कधीही ओढू नये. नवे घर बांधत असाल तर गच्चीपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत तिच्यासाठी वेगळा पाइप टाकून ठेवावा. त्याला टोकदार एल्बो न लावता मोठी वळणे द्यावीत आणि आत ओढतार सोडावी. पुढे केबल बदलायची झाली तर भिंत फोडावी लागत नाही.

आता अर्थिंग. या विषयावर जितके गैरसमज आहेत तितके घराच्या दुसऱ्या कुठल्याही कामाविषयी नसतील. पहिला गैरसमज असा, की अर्थिंग केले की वीज पडत नाही किंवा पडली तरी काही होत नाही. हे खरे नाही. छत्रीवर थेट पडलेल्या विजेपासून एक तांब्याची तार घर वाचवू शकत नाही. त्यासाठी इमारतीला वीजरोधक यंत्रणाच लागते, आणि तिचे मानक वेगळे आहे. छत्रीचे अर्थिंग तीन गोष्टींसाठी असते. वारा, धूळ आणि ढग यांमुळे छत्रीवर साठणारी स्थिर वीज सतत उतरत राहावी, दूर पडलेल्या विजेने उठवलेली लाट जमिनीकडे वळावी, आणि घरातल्या बिघाडाने छत्री किंवा केबलची जाळी वीजभारित झाली तर कुणाला धक्का बसू नये.

दुसरा गैरसमज अधिक घातक आहे. छत्रीजवळ अंगणात एक रॉड ठोकला, पाइपला तार बांधून त्याला जोडली, म्हणजे अर्थिंग झाले, असे समजले जाते. 100 ओहम-मीटर रोधकतेच्या बऱ्यापैकी जमिनीत अडीच मीटरचा एकटा रॉड 35 ते 40 ओहमचा रोध देतो. बॉक्समधल्या बिघाडाने जाळीवर 230 व्होल्ट आले, तर या रॉडमधून सात अँपिअरही जात नाहीत. 16 अँपिअरचा एमसीबी शांत राहतो आणि छत्री वीजभारित राहते. गच्चीवर छत्रीच्या पाइपला दोरी बांधून कपडे वाळत घालणारी घरे आपल्याकडे कमी नाहीत. दुसरीकडे, विजेच्या लाटेतले हजार अँपिअर जरी या रॉडमधून उतरले, तरी रॉड 40 हजार व्होल्टपर्यंत चढतो. घराचे मूळ अर्थिंग मात्र शून्याच्या आसपास असते. हा सगळा फरक बॉक्सच्या आत, केबलची जाळी आणि विजेचा प्लग यांच्यामध्ये येऊन फुटतो. वेगळा रॉड अशा वेळी घराचे रक्षण करत नाही, संकटाला घरात वाट करून देतो.

म्हणून खरा नियम एकच आहे: घराला जमीन एकच असावी. छत्रीचा पाइप, केबलची जाळी, मेन बोर्डचे अर्थिंग, पत्र्याचे छप्पर, असेल तर सौर पॅनलची चौकट, ही सगळी एकमेकांशी जाड तांब्याने जोडलेली हवीत. भरतीच्या पाण्यात होडी वर उचलली गेली तरी आतली माणसे एकमेकांवर आदळत नाहीत, कारण सगळी एकदम वर जातात. विजेच्या लाटेत घरातल्या सगळ्या धातूंची पातळी तशी एकत्र चढावी आणि एकत्र उतरावी. केबलसाठी याचा व्यवहारातला अर्थ असा, की ती घरात शिरते तिथे एक ग्राउंडिंग ब्लॉक बसवायचा. दोन्ही बाजूंना केबल जोडायची सोय आणि तारेसाठी स्क्रू असलेला हा धातूचा तुकडा असतो. त्यापासून मेन अर्थ पट्टीपर्यंत निदान चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार न्यायची. छत्रीच्या पाइपसाठी आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60728-11 किमान 16 चौरस मिलिमीटर तांबे मागते. तेच मानक म्हणते, की छत्री छपराच्या कडेपासून दोन मीटरहून अधिक खाली आणि भिंतीपासून दीड मीटरच्या आत असेल तर पाइपचे अर्थिंग सोडता येते. केबलच्या जाळीची जोडणी मात्र तेव्हाही करायचीच. अमेरिकेच्या विद्युत संहितेतले कलम 810 अँटेनासाठी वेगळा रॉड ठोकला तर तो घराच्या अर्थिंगशी सुमारे 13 चौरस मिलिमीटर तांब्याने जोडण्याची सक्ती करते. आपल्याकडे अर्थिंगचे मूळ मानक आयएस 3043 आहे. त्यात सांगितलेली खोली, रोधमापन आणि जोडण्या छत्रीच्या कामालाही लागू पडतात.

तार जितकी आखूड आणि सरळ तितकी चांगली. विजेची लाट मायक्रोसेकंदात चढते आणि तितक्या वेगापुढे तारेचा साधा रोध गौण ठरतो, तिचे प्रेरकत्व महत्त्वाचे होते. दहा हजार अँपिअर एका मायक्रोसेकंदात चढले तर मीटरभर तारेच्या दोन टोकांत दहा हजार व्होल्टचा फरक पडतो. उरलेल्या तारेचे वेटोळे करून बोर्डामागे खोचून ठेवणे म्हणजे स्वतःच अडथळा बांधून ठेवणे आहे. पाइप रंगवलेला असेल तर जोडणीच्या जागी रंग खरवडून धातू उघडा करावा, कथिल चढवलेला लग वापरावा आणि घट्ट आवळावा. नळाच्या पाइपला अर्थिंगची तार बांधण्याची जुनी सवय आता सोडलीच पाहिजे, कारण नळ आज प्लॅस्टिकचे आहेत आणि तार जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. न्यूट्रलला किंवा गॅसच्या पाइपला तर कधीच जोडू नये.

महाराष्ट्राच्या जमिनीचा विचार इथे टाळता येत नाही. मराठवाडा-विदर्भातली काळी रेगूर माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात ती आकसते, भेगाळते आणि रॉडपासून सुटते. सह्याद्रीच्या पट्ट्यात हात-दोन हातांवर काळा कातळ लागतो, रॉड आतच जात नाही. कोकणातला जांभा कोरडा असताना जवळजवळ दुर्वाहकासारखा वागतो. आणि आपल्याकडे वीज सर्वाधिक कडाडते ती एप्रिल, मे आणि जूनच्या सुरुवातीच्या वळवात, म्हणजे जमीन वर्षातली सर्वांत कोरडी असते तेव्हाच. ज्या दिवशी अर्थिंगची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी ते सर्वांत दुबळे असते. म्हणून अर्थिंगचा रोध पावसाळ्यात मोजून समाधान मानू नये. तो मे महिन्यात मोजावा आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याची जुनी रीत पाळावी. जमीन कितीही हट्टी असली तरी सगळे धातू एकमेकांशी जोडलेले असतील तर घराच्या आत फरक पडत नाही, हा एका जमिनीच्या नियमाचा मोठा लाभ आहे. त्याच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळू लागताच वीज तोडणारा स्विच, हवाच.

एक तक्रार जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येते: बॉक्सच्या मागच्या केबलला हात लावला की झिणझिण्या येतात. दोन पिनांच्या बॉक्समधल्या वीजपुरवठ्यात गोंगाट थोपवणारा छोटा कपॅसिटर असतो आणि त्यातून अगदी अल्प प्रवाह केबलच्या जाळीवर येतो. मल्टिमीटरने पाहिले तर जाळी आणि अर्थ यांच्यात 100 व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो, पण प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाएवढाच असतो. जाळी अर्थ केली की झिणझिण्या जातात. एका घरात हे त्रासापुरतेच असते, पण सोसायटीत एकाच छत्रीला वीस-तीस बॉक्स जोडले असतील तर सगळ्यांचे गळके प्रवाह एकत्र येतात. गच्चीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या तंत्रज्ञाच्या हाताला त्याचा अचानक झटका बसला तर पडून दुखापत होऊ शकते. सामाईक छत्रीचे अर्थिंग ही म्हणून सोसायटीची जबाबदारी आहे, आणि ती वार्षिक देखभालीच्या यादीत लिहिलेली असावी. छत्री सोसायटीच्या वीजरोधकाच्या दांड्याला मात्र कधीही बांधू नये, आणि केबल त्याच्या उतरत्या पट्टीला लगटून नेऊ नये.

एवढे सगळे केल्यावरही वादळात एक गोष्ट घरातल्यांनाच करायची असते. गडगडाट जवळ येण्याआधीच बॉक्सचा विजेचा प्लग आणि केबल, दोन्ही काढून ठेवावेत. एकच काढून उपयोग नाही, कारण दुसरी वाट उघडी राहते. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा केबलला हात लावायला उशीर झालेला असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले ‘दामिनी’ अॅप आसपासच्या विजांची पूर्वसूचना देते. ते तंत्रज्ञांनी तर ठेवावेच, कारण वादळात गच्चीवर चढणे हे शौर्याचे काम नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे, ग्राहक कितीही घाई करो.

फायबर आल्यावर हे सगळे कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. फायबरमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, हे खरेच. पण वाड्या-वस्त्यांवर, डोंगरी गावांत, मासिक शुल्क न देता टीव्ही पाहणाऱ्या घरांत छत्री आजही आहे आणि बराच काळ राहील. शिवाय गच्ची रिकामी झालेली नाही. सौर पॅनल, वायरलेस इंटरनेटचा अँटेना, सीसीटीव्हीचे कॅमेरे असे नवे धातू आणि नव्या तारा तिथे चढल्या आहेत, आणि त्यांनाही हेच नियम लागतात. छत्रीच्या निमित्ताने एका जमिनीची शिस्त लागली, तर ती या सगळ्यांच्या कामी येईल.

पुस्तिकेचे चार भाग आहेत. पहिला केबलची निवड आणि कनेक्टर बसवणे, दुसरा वाटेची आखणी, तिसरा अर्थिंग आणि मोजमाप, चौथा दोष शोधणे. आयटीआयच्या विद्यार्थ्यांनी आणि छत्री बसवणाऱ्या तरुणांनी क्रमाने वाचावी. त्यांच्या हाताखालून असंख्य घरे जाणार आहेत. घरमालकांनी मेन बोर्डाला स्वतः हात लावू नये, परवानाधारक वायरमनला बोलवावे, पण त्याला काय विचारायचे ते इथून घ्यावे. बांधकाम करणाऱ्यांना आणि वास्तुविशारदांना माझी आग्रहाची विनंती आहे, की गच्चीच्या नकाशात पाण्याच्या टाकीसारखीच छत्रीची जागा, केबलचा पाइप आणि एक अर्थ पट्टी दाखवावी. त्या वेळी हा खर्च नगण्य असतो. नंतर तो भिंत फोडून करावा लागतो.

वाचायला बसण्याआधी वाचकाने एक काम करावे. आपल्या घराचे अर्थिंग कुठे आहे ते शोधावे: मीटरजवळचा खड्डा, त्यातून निघालेली तार, आणि ती मेन बोर्डात कुठे मिळते ती जागा. सापडली तर पहिल्या पानापासून सुरुवात करावी. सापडली नाही, तर थेट तिसरा भाग उघडावा. तो वाचून होईपर्यंत आणि वायरमनने काम पुरे करीपर्यंत छत्रीची केबल बॉक्सपासून सोडवून ठेवावी.